तूट दुकानाची, कपात नोकराची

एक चित्र डोळ्यांपुढे आणावे. महिनाअखेरची रात्र आहे. उपनगरातल्या एका मोठ्या स्वयंसेवा-भांडाराचे शटर अर्धे खाली ओढलेले आहे आणि आत साठ्याची मोजणी चालू आहे. संगणकात ज्या वस्तू आहेत, त्या मांडणीवर नाहीत. बदामाची काही पाकिटे, तुपाचे डबे, दाढीची पाती, शांपूच्या बाटल्या, बाळाच्या दुधाच्या भुकटीचे दोन डबे एवढा माल विक्रीची नोंद न होताच नाहीसा झाला आहे. व्यवस्थापक बेरीज करतो, मग भागाकार करतो. तूट नऊ हजारांची आणि विभागात माणसे सहा, तेव्हा प्रत्येकी दीड हजार. साडेतेरा हजार पगार असलेल्या मुलीच्या हाती बारा हजार पडतात. तिची जवळजवळ तीन दिवसांची मजुरी गेली. कोणी नेले, केव्हा नेले, त्या वेळी ती कामावर होती की नव्हती, हे कोणी विचारीत नाही. तिने विचारले तर उत्तर तयार असते: "लक्ष कोणी ठेवायचे? मालकाने?"

या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट शब्दांत दिले पाहिजे. होय, मालकानेच. दुकानातील उचलेगिरीला तोंड कसे द्यावे, यावर व्यापारी मंडळींच्या बैठकांत पुष्कळ खल होतो. कॅमेरे कोणते घ्यावेत, आरसे कोठे लावावेत, दारात किती रखवालदार उभे करावेत, याची चर्चा होते. परंतु चोरीचे नुकसान अखेर कोणाच्या खिशातून भरले जाते आणि चोर पकडण्याची जोखीम कोणाच्या अंगावर टाकली जाते, हा मूळ प्रश्न त्या चर्चेत येत नाही. तो प्रश्न श्रमिकांच्या बाजूने मांडणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

चोरीचे उदात्तीकरण नको

प्रारंभीच एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. आपल्यातील काही तरुण मित्र असे म्हणतात की, मोठ्या भांडवलदाराच्या दुकानातून कोणी दोन वस्तू उचलल्या तर बिघडले कोठे? ज्याने हजारोंना लुबाडले, त्याचे थोडे गेले, इतकेच. हा युक्तिवाद ऐकावयास खमंग आहे, पण तो हिशेबाला टिकत नाही. ज्या व्यवस्थेत तुटीचा बोजा वरून खाली ढकलता येतो, त्या व्यवस्थेत चोरीचा फटका भांडवलाला बसत नाही. तो मजुरीला बसतो, आणि मजुरीला बसला नाही तर वाढीव किमतीच्या रूपाने प्रामाणिक गिऱ्हाइकाला बसतो. नाहीशा झालेल्या तुपाच्या डब्याचे पैसे भागधारकाच्या लाभांशातून वजा होत नाहीत, ते विक्रेतीच्या पगारातून वजा होतात. शिवाय चोरी करणारे सगळेच भुकेलेले असतात, असेही नाही. सुस्थितीतील माणसे केवळ सवयीने किंवा गंमत म्हणून वस्तू उचलतात, आणि भारी सुगंधी द्रव्ये हेरून नेऊन विकणाऱ्या टोळ्याही असतात. त्यांच्याविषयी सहानुभूतीचे कारण नाही.

चोरी ही चोरीच आहे. वाद त्याविषयी नाही. एकाने केलेल्या चोरीची भरपाई दुसऱ्याकडून करून घेणे हीदेखील चोरीच होय, आणि ती हिशेबाच्या वहीत राजरोस नोंदवून केली जाते म्हणून सभ्य ठरत नाही, हा खरा मुद्दा आहे.

फळी कोणी काढली?

जुन्या किराणा दुकानात उचलेगिरीला फारसा वाव नव्हता. मध्ये फळी असे. गिऱ्हाईक फळीच्या अलीकडे, माल पलीकडे. वाणी किंवा त्याचा नोकर माल काढी, तोली, पुडी बांधी आणि पैसे घेऊन पुडी हाती देई. प्रत्येक वस्तू माणसाच्या हातातून माणसाच्या हाती जाई.

ही फळी प्रथम अमेरिकेत काढली गेली. सप्टेंबर १९१६ मध्ये टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरी क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या व्यापाऱ्याने 'पिग्ली विग्ली' हे दुकान उघडले. गिऱ्हाइकाने फिरत्या फाटकातून आत यावे, टोपली घ्यावी, ठरवून दिलेल्या वाटेने सगळ्या मांडण्यांसमोरून जावे, हवे ते स्वतः उचलावे आणि शेवटी एकाच जागी पैसे द्यावेत, अशी ती रचना होती. पुढच्याच वर्षी सॉन्डर्सने या रचनेचे एकस्व मिळवले. यातील अर्थशास्त्र उघड आहे. माल काढून देणाऱ्या नोकरांची मजुरी वाचली, कारण ते काम आता गिऱ्हाईकच फुकट करू लागले. शिवाय मांडणीवरचा माल हाताशी आल्याने जे घ्यावयाचे नव्हते तेही टोपलीत पडू लागले. मजुरी घटली, विक्री वाढली आणि दोन्हींचा लाभ मालकाला झाला.

या लाभाबरोबर एक तोटा अपरिहार्यपणे आला. जो हात वस्तू टोपलीत टाकतो, तोच ती पिशवीतही टाकू शकतो. उचलेगिरी ही स्वयंसेवा-पद्धतीवर कोसळलेली आकस्मिक आपत्ती नसून त्या पद्धतीचाच एक खर्च आहे. विजेचे बिल, भाडे, नासलेली भाजी, उंदराने खाल्लेले धान्य यांसारखाच. पद्धत स्वीकारताना मालकाने तो खर्च जोखलेला असतो आणि नोकरकपातीतून होणारी बचत त्याहून मोठी आहे, हे पाहूनच ती स्वीकारलेली असते. आता तर गिऱ्हाइकाने स्वतःच बिल करून निघून जावे अशी यंत्रे आली आहेत. म्हणजे गल्ल्यावरचा माणूसही काढावयाचा आणि मग चोऱ्या वाढल्या म्हणून ओरड करावयाची! फळी काढल्याचा नफा ज्याने घेतला, त्याने फळी काढल्याचा तोटाही सोसला पाहिजे. व्यापारातील जोखीम हे नफ्याचे समर्थन म्हणून सांगितले जाते. मग जोखीम नोकराची आणि नफा मालकाचा, हा कोणत्या अर्थशास्त्राचा सिद्धांत?

तुटीच्या पोटात काय काय असते

दुसरी गोष्ट हिशेबाची. वहीतील साठा आणि मांडणीवरील साठा यांतील फरकाला व्यापारी 'तूट' म्हणतात. ही तूट म्हणजे सगळी उचलेगिरी नव्हे. पुरवठादाराने बाराऐवजी अकरा नग पाठवले, उतरवून घेताना मोजदाद चुकली, चुकीच्या वस्तूचे बिल झाले, बरणी फुटली आणि नोंद राहिली, मुदत संपलेला माल काढून टाकला आणि वहीतून कमी केला नाही, अशी अनेक कारणे त्यात मिसळलेली असतात. मोजणीतून कळते ते इतकेच की माल नाही. तो का नाही, हे मोजणी सांगू शकत नाही. तरीही सगळ्या तुटीवर 'चोरी' अशी चिठ्ठी चिकटवली जाते, कारण चोरी म्हटली की व्यवस्थापनाचा गलथानपणा झाकला जातो.

हा केवळ तर्क नाही. अमेरिकेतील किरकोळ व्यापाऱ्यांची मोठी संघटना, नॅशनल रिटेल फेडरेशन, हिने २०२३ साली असे प्रसिद्ध केले होते की, २०२१ मध्ये तेथील व्यापाराला आलेल्या सुमारे ९४.५ अब्ज डॉलर तुटीपैकी जवळजवळ निम्मी संघटित टोळ्यांच्या चोऱ्यांमुळे आली. त्यावर वृत्तपत्रांनी रकाने भरले. डिसेंबर २०२३ मध्ये संघटनेला हे विधान मागे घ्यावे लागले. वॉलग्रीन्स या औषध-दुकानांच्या साखळीच्या वित्तप्रमुखानेही जानेवारी २०२३ मध्ये, आदल्या वर्षी चोरीविषयी कदाचित जास्तच ओरड झाली, अशी कबुली दिली होती. ज्यांच्याकडे इतके कॅमेरे, इतके संगणक आणि इतके हिशेबनीस, त्यांनाही तुटीतली चोरी नेमकी किती हे सांगता येत नाही. तेथे आपल्या उपनगरातला व्यवस्थापक रात्री अकरा वाजता भागाकार करून सहा जणींचा अपराध ठरवतो!

कायदा काय म्हणतो

वेतनातील मनमानी कपात ही मुंबईच्या कामगाराला नवी नाही. गिरण्यांत बिघडलेले कापड विणकराच्या माथी मारून त्याची किंमत मजुरीतून कापण्याची रीत होती. अशा दंडांविरुद्ध आणि कपातींविरुद्ध कामगार दीर्घकाळ झगडले. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाला त्या झगड्याची पार्श्वभूमी आहे. त्या कायद्याच्या कलम ७ ने कपातीची कारणे मोजून दिली आणि मालाच्या नुकसानीबद्दल कपात करावयाची तर दोन अटी घातल्या. एक, तो माल त्या नोकराच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेला असला पाहिजे. दोन, नुकसान थेट त्याच्याच हयगयीमुळे किंवा कसुरीमुळे झालेले असले पाहिजे. याखेरीज कपातीपूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू करण्यात आलेल्या वेतन संहितेतही या अटी कायम आहेत. नव्या श्रमसंहितांवर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे, पण या बाबतीत मालकांना त्यांचा आधार घेता येणार नाही.

या अटी स्वयंसेवा-भांडाराला लावून पाहाव्यात. ज्या मांडणीला दिवसभरात शेकडो गिऱ्हाइकांचे हात लागतात, आणि लागावेत अशीच जिची रचना आहे, ती मांडणी एका विक्रेतीच्या 'ताब्यात स्पष्टपणे सोपवलेली' आहे, असे कोणत्या तोंडाने म्हणता येईल? आणि सहा जणींवर सारखी वाटलेली रक्कम 'थेट तिच्याच हयगयीमुळे' झालेली कशी ठरते? हयगय वाटून घेता येत नाही. तूट सर्वांवर सारखी वाटणे हीच, एकाचाही दोष सिद्ध झालेला नाही याची कबुली आहे. अशी सरसकट कपात बेकायदेशीर आहे, हे प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावे.

इंग्लंडचा दाखला येथे बोधप्रद आहे. तेथे १९८६ साली थॅचरबाईंच्या सरकारने वेतनविषयक नवा कायदा केला. कामगारांना जुने संरक्षण देणारे ट्रक कायदे त्याने मोडीत काढले. तरीही गल्ल्यातील किंवा साठ्यातील तुटीबद्दल दुकान-कर्मचाऱ्याच्या पगारातून करावयाची कपात त्या पगाराच्या एकदशांशाहून अधिक असू नये, अशी मर्यादा त्याच कायद्याला घालावी लागली. १९९६ च्या कायद्यात ती पुढे चालू राहिली. त्या मर्यादेला पळवाटा आहेत, आणि दोष सिद्ध करण्याची आपल्याकडील अट तेथे नाही. परंतु आपल्याकडे सर्व कपातींची मिळून मर्यादा वेतनाच्या ५० टक्के आहे. दोष सिद्ध करण्याची अट कागदावर राहिली आणि कपात मात्र निम्म्या पगारापर्यंत जाऊ शकली, तर कर्मचारी दोन्हीकडून नागवला जातो.

विक्रेता हा शिपाई नव्हे

पैशाखालोखाल प्रश्न आहे तो जिवाचा आणि अब्रूचा. चोर पकडावयाचा कोणी? मालक सांगतो, कर्मचाऱ्याने. पळणाऱ्यामागे धावा, दारात अडवा, पिशवी तपासा, कोठीत बसवून ठेवा. पळणाऱ्याच्या हाती चाकू निघाला तर जखम कर्मचाऱ्याला, आणि अडवलेला माणूस निर्दोष निघाला तर फिर्याद कर्मचाऱ्यावर.

याबाबतीत कायद्याने दिलेला अधिकार किती तोकडा आहे, हे दुकानात काम करणाऱ्यांना सहसा सांगितले जात नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार खाजगी व्यक्तीला अटक करता येते ती आपल्या समक्ष घडलेल्या, दखलपात्र आणि त्याचबरोबर अजामीनपात्र अशा गुन्ह्यासाठीच. आणि अटक केल्यावर सहा तासांच्या आत त्या माणसाला पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांनुसार पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरते. म्हणजे दोनशे रुपयांच्या बदामासाठी कोणाला कोठीत कोंडण्याचा अधिकार रखवालदाराला नाही आणि विक्रेतीलाही नाही. आपला माल परत मागणे, नाव विचारणे, पोलिसांना कळवणे हे योग्य आहे. कोंडून ठेवणे हा अन्याय्य बंदिवास आहे आणि तो स्वतःच गुन्हा आहे. 'दहापट रक्कम भर, नाहीतर घरी आणि कार्यालयात कळवतो' अशी धमकी देऊन पैसे उकळणाऱ्याने तर खंडणीच्या कलमाला हात घातलेला असतो.

पकडलेल्याला चार लोकांत उभे करून मारणे, त्याची छायाचित्रे भिंतीवर लावणे, मोबाइलवर चित्रीकरण करून ते गावभर पसरवणे या प्रकारांना काही दुकानदार 'जरब' म्हणतात. ही जरब कोठवर जाते, हे २२ फेब्रुवारी २०१८ रोजी केरळातील अट्टप्पाडी येथे देशाने पाहिले. दुकानांतून तांदूळ आणि खाण्याचे जिन्नस चोरल्याच्या संशयावरून एका आदिवासी तरुणाला जमावाने रानातून पकडून आणले, बांधले आणि मारहाण केली. त्याच्यासोबत छायाचित्रे काढून घेतली. तो तरुण त्याच दिवशी मरण पावला. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने तेरा जणांना सात वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. मूठभर तांदळाच्या संशयासाठी एक जीव गेला. दुकानाच्या दारात उगारलेला पहिला हात कोठे थांबेल, हे तो उगारणाऱ्याच्या हाती नसते, हा त्या घटनेचा धडा आहे.

पकडलेले मूल असेल तर जबाबदारी आणखी मोठी. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य कायद्याने गुन्हा ठरत नाही. आणि कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई केली आहे. चॉकलेट उचलणाऱ्या पोराचे चित्रीकरण करून ते पसरवणारा दुकानदार त्या पोराहून मोठा अपराध करतो.

कठोर शिक्षेने चोरी थांबते, हा भ्रमही इतिहासाने केव्हाच मोडला आहे. १६९९ च्या इंग्लिश कायद्याने दुकानातून पाच शिलिंग किंवा त्याहून अधिक किमतीचा माल चोरणाऱ्याला फाशीची शिक्षा ठेवली होती. चोऱ्या थांबल्या नाहीत. उलट पंचांनाच दया येऊ लागली आणि ते चोरीच्या मालाची किंमत चार शिलिंग दहा पेन्स ठरवून आरोपीचा जीव वाचवू लागले. सर सॅम्युअल रोमिली यांनी १८१० मध्ये ही शिक्षा रद्द करण्याचे विधेयक आणले, ते उमरावांच्या सभागृहाने फेटाळले. विरोधात मत देणाऱ्यांत धर्मगुरूही होते! मालमत्तेचे रक्षण करताना माणसाच्या जिवाची किंमत कशी उतरते, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

संशयाची सवय

मालकाचा संशय गिऱ्हाइकापाशी थांबत नाही. तो संध्याकाळी घरी निघालेल्या कर्मचाऱ्यांच्या पिशव्यांत शिरतो. गिरणगावातल्या जुन्या माणसांना फाटकावरची झडती आठवत असेल. तीच झडती आता झगमगीत भांडारांच्या मागच्या दारात चालते. जेवणाचे डबे उघडावयाचे, पर्स उलटी करावयाची, रांगेत उभे राहावयाचे. हजेरीचे यंत्र त्याआधीच दाबून झालेले असते, तेव्हा रांगेतला वेळ कर्मचाऱ्याचा.

हा वेळ कोणाचा, यावर अमेरिकेत न्यायालये गाजली. ॲमेझॉनच्या गोदामांत काम करणाऱ्या कंत्राटी कामगारांना पाळी संपल्यावर झडतीसाठी सुमारे २५ मिनिटे थांबावे लागते, त्याची मजुरी मिळावी, असा दावा होता. डिसेंबर २०१४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. परंतु कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये, ॲपल कंपनीच्या दुकानांतील कर्मचाऱ्यांच्या बाबतीत, तेथील राज्य-कायद्यानुसार पिशव्या तपासण्याचा वेळ हा कामाचाच वेळ आहे आणि त्याचे वेतन दिले पाहिजे, असा निर्णय दिला. ज्याच्या हुकमाने माणूस थांबतो, त्याने त्या थांबण्याचे मोल द्यावे, हा साधा न्याय त्यामागे आहे.

कायद्यातील एक विषमताही येथे नोंदवली पाहिजे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार पाच हजारांहून कमी किमतीची चोरी प्रथमच सिद्ध झालेल्या माणसाने माल किंवा त्याची किंमत परत केली तर त्याला समाजसेवेची शिक्षा आहे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु नोकराने मालकाच्या मालाची चोरी केली तर कलम ३०६ नुसार सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. विश्वासघाताचे कारण सांगितले जाते. ते सर्वस्वी चूक नाही. मात्र विश्वास हा दोन्ही बाजूंनी असावा लागतो. पगारातून परक्याच्या चोरीची वसुली करणाऱ्या मालकाने केलेल्या विश्वासघाताला सात वर्षांची शिक्षा कोठे लिहिली आहे?

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, काही चोऱ्या कर्मचाऱ्यांच्या संगनमताने होतात. होतातही. ज्याच्याविरुद्ध पुरावा आहे त्याची चौकशी करावी, त्याला म्हणणे मांडू द्यावे, दोष सिद्ध झाला तर कारवाई करावी. संघटनेने अशा माणसाला पाठीशी घालू नये. एकाचा दोष सिद्ध करण्याचे कष्ट नकोत म्हणून सहा जणींना दंड करणे, याला मात्र चौकशी म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक सहानुभूतीने ऐकण्याजोगा आहे. कोपऱ्यावरचा लहान दुकानदार, जो बायकोमुलांसह पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतो, त्याने ही तूट कोठून भरावी? त्याच्याकडे भांडवल नाही, विमा नाही. त्याची अडचण खरी आहे. पण त्याच्याकडे एक गोष्ट आहे जी मोठ्या भांडाराने गमावली. त्याची फळी अजून शाबूत आहे आणि तो गिऱ्हाइकाला नावाने ओळखतो. ओळख हाच त्याचा पहारा. त्याने मोठ्या दुकानाची नक्कल करून फळी काढली, तर तिच्याबरोबर येणारा खर्चही त्याने ओळखून असावे. त्याच्याकडे काम करणाऱ्या एकुलत्या पोराच्या पगारातून तो भरून निघणार नाही.

मग करावे काय?

केवळ निषेध करून कार्यकर्त्याचे काम संपत नाही. दुकान-कर्मचाऱ्यांत काम करणाऱ्यांनी पुढील मागण्या नेमकेपणाने मांडाव्यात.

पहिली मागणी: साठ्यातील तुटीपोटी वेतनातून सरसकट कपात पूर्ण बंद व्हावी. जेथे कपात होते तेथे वेतनपत्रकावर कारण लिहून मागावे. न दिल्यास अर्ज करून श्रम अधिकाऱ्यांपुढे जावे. 'ऐच्छिक वर्गणी', 'अनामत' या नावाखाली केलेली वसुली हीदेखील कपातच समजावी.

दुसरी: चोराचा पाठलाग करणे, त्याला पकडणे, त्याच्याशी झटापट करणे कोणत्याही विक्रेत्याच्या किंवा गल्ल्यावरील कर्मचाऱ्याच्या कामात धरू नये आणि तसा लेखी नियम दुकानात लावावा. ज्याने पाठलाग केला नाही त्याला त्याबद्दल जाब विचारला जाऊ नये. स्कॉटलंडने २०२१ साली दुकान-कर्मचाऱ्यांवरील हल्ला व धमकी हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदा केला. आपल्याकडेही त्या दिशेने विचार व्हावा.

तिसरी: राखण करावयाची तर ती राखणदाराने करावी आणि राखणदारालाही कामगाराचे हक्क असावेत. महाराष्ट्राने १९८१ साली खाजगी सुरक्षारक्षकांसाठी स्वतंत्र कायदा करून त्यांच्या नोंदणीसाठी मंडळाची व्यवस्था केली. स्वस्त कंत्राटदाराकडून बारा तास उभा केलेला, कायदा न शिकवलेला रखवालदार दारात ठेवावयाचा आणि त्याने कोणाला मारले की हात वर करावयाचे, हे चालू देऊ नये.

चौथी: माणसे वाढवा. गिऱ्हाइकाजवळ जाऊन 'काय हवे?' असे विचारणारा माणूस हा चोरीविरुद्धचा सर्वांत जुना आणि सर्वांत सभ्य उपाय आहे. जो उचलावयास आला, तो अशा विचारपुशीने वस्तू जागेवर ठेवतो. जो विकत घ्यावयास आला, त्याला मदत होते. दोघांपैकी कोणाचीच अब्रू जात नाही. पण दहा तास उभे राहून पाय सुजलेल्या मुलीकडून ही तत्परता कशी अपेक्षावी? केरळातील कापड-दुकानांतल्या स्त्रियांनी लढा देऊन २०१८ मध्ये बसण्याचा हक्क कायद्यात आणला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तो मार्ग धरला. महाराष्ट्रातील दुकानांत प्रत्येक विक्रेतीसाठी स्टूल असावे, ही मागणी या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे.

पाचवी: झडती अपरिहार्यच असेल तर ती कामाच्या वेळात व्हावी, स्त्रियांची स्त्रियांनीच घ्यावी आणि व्यवस्थापकापासून झाडूवाल्यापर्यंत सर्वांना एकच नियम असावा. ज्या दारातून व्यवस्थापक न तपासता जातो, त्या दारात विक्रेतीचा डबा उघडण्याचा नैतिक अधिकार कोणाला नाही.

या मागण्यांची सुरुवात आपल्या जवळच्या संस्थांपासून व्हावी. १९४८ साली नायगावच्या कामगारवस्तीत अपना बाजार उभा राहिला, १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून माल वाटण्याची पद्धत रुजवली. गिऱ्हाईक हा संशयित नसून भागीदार आहे, ही कल्पना महाराष्ट्राने प्रत्यक्षात आणून दाखवली आहे. ज्या दुकानात माणसाची मालकी असते, तेथून चोरण्याची इच्छा कमी होते, आणि झालीच तर शेजारी हटकतो. सहकारी भांडारांनी आपल्या दारावर पहिली पाटी लावावी: येथे तुटीपोटी कोणाचाही पगार कापला जात नाही. मग खाजगी भांडारांना जाब विचारताना आपला आवाज कापणार नाही.

महिनाअखेरच्या रात्री तो व्यवस्थापक पुन्हा भागाकार करावयास बसेल. त्या वेळी सहा जणींपैकी एकीने तरी उभे राहून म्हटले पाहिजे, "माझी हयगय कोणती, ते लिहून द्या." आणि तिने तसे म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी तिच्या पाठीशी संघटना उभी असली पाहिजे. एकटी उभी राहिली तर तिची नोकरी जाईल, सहाही जणी उभ्या राहिल्या तर कपात जाईल.